उचललेला इगाल

माझ्या मुलाचा डावा डोळा एका दोरीनं गेला. इगाल म्हणतात तिला. डोक्यावरचा रुमाल उडू नये म्हणून इथले पुरुष त्यावर जे काळं दुहेरी कडं बसवतात, ते. घट्ट पिळाचं असतं, बोटाएवढं जाड. उलगडलं की हातात चांगला चाबूक येतो. इथल्या बापाचा राग चढला की पहिला हात डोक्याकडे जातो आणि घरातली पोरं वाट फुटेल तिकडे पळतात. एकोणीस वर्षं मी हे बघत आलो होतो आणि हसत आलो होतो.

मी शौकी. मूळचा इजिप्तमधल्या दमन्हूरचा. कुवेतच्या जहरा भागात मुलांच्या सरकारी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. तोंडाचा फटकळ आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे कोणीतरी सांगणारच आहे.

सुट्टीत गावी गेलो की लोक विचारतात, तिकडे मजा असेल ना? मी म्हणतो, हो, फार. एका खुर्चीचं काम चार जण करतात, त्यातले तीन रजेवर असतात आणि चौथा म्हणजे मी. पोरं माझ्या वर्षभराच्या पगाराची गाडी घेऊन शाळेत येतात आणि पाण्याचं सूत्र विचारलं तर छताकडे बघतात. सगळं फुकट मिळतं त्यांना, फक्त अभ्यासच तेवढा स्वतः करावा लागतो, म्हणून तो राहतो. पण खोटं कशाला बोलू? माझ्या आईचे दोन्ही गुडघे याच पगारातून बदलले. माझा मुलगा युसूफ इथंच जन्मला, इथलीच बोली बोलतो, माझ्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, उच्चारांची नक्कल करून त्याच्या आईला हसवतो. त्याला वाटायचं तो इथलाच. मी त्याचा तो समज मोडला नाही, कारण मोडायचा कसा तेच मला कळत नव्हतं.

मिशआल हा युसूफच्याच वर्गातला, बारावीचा. त्याचे वडील धैदान, वाळवंटातल्या जुन्या बदू टोळीच्या घराण्यातले, शब्दाला पक्के म्हणून सगळीकडे मान. मिशआल तीन वर्षं आमच्या घरी शिकवणीला यायचा. माझ्या बायकोच्या, तहानीच्या, हातची मलुखियाची भाजी दोन-दोन वाट्या ओरपायचा आणि युसूफच्या पलंगावर झोपून जायचा. रसायनशास्त्र सोडून त्यानं आमच्या घरचं सगळं घेतलं.

त्या दिवशी प्रयोगाच्या परीक्षेत त्यानं मला सगळ्या वर्गासमोर विचारलं, "उस्ताद, मी नापास? तुम्हाला माहीत आहे ना मी कोणाचा मुलगा?"

मी म्हणालो, "माहीत आहे. तुझ्या बापाच्या जमिनीखाली तेल आहे म्हणून तुझ्या डोक्यात मेंदू असलाच पाहिजे असं काही नाही."

वर्ग खो खो हसला. मिशआल हसला नाही. बापाचं नाव घेतलं होतं मी.

त्या आठवड्यात वरून हुकूम आला होता की विद्यार्थ्यांचं मानसिक स्वास्थ्य जपायचं, कोणी कोणाला ओरडायचं नाही. प्रयोगशाळेच्या मागच्या बोळात हसऱ्या सूर्याचं भलंमोठं चित्र लावलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘तुमचा आनंद हीच देशाची संपत्ती.’ परीक्षा संपल्यावर त्या चित्राखाली वर्गातल्या दोघांनी युसूफचे हात धरले आणि मिशआलनं डोक्यावरचा इगाल काढला.

युसूफला आधी मस्करी वाटली. "मिशआल, वेडा झालास का रे?" असं तो म्हणाला, हे मला त्यानंच नंतर सांगितलं. पहिले फटके पाठीवर बसले. मग मानेवर. "तुझ्या बापानं माझ्या बापाचं नाव घेतलं," प्रत्येक फटक्याला एवढंच. युसूफनं सुटायला मान वळवली आणि पुढचा फटका तोंडावर बसला.

ती किंकाळी मी ओळखली. धावत बाहेर आलो तेव्हा युसूफ गुडघ्यांवर बसला होता, तोंड ओंजळीत, आणि बोटांमधून रक्त आणि पाण्यासारखं काहीतरी मनगटावर ओघळत होतं. मिशआल इगालची घडी घालत उभा होता. प्रयोगाचा लोखंडी स्टँड माझ्या हातात कधी आला मला माहीत नाही. मी तो डोक्याच्या वर नेला होता. मिशआलचं कपाळ माझ्यापासून हातभर होतं आणि मला ते फोडायचंच होतं. माझ्या शाळेतला गणिताचा मास्तर बहगत, माझाच गाववाला, त्यानं मागून कंबरेला मिठी मारून मला जमिनीवर पाडलं.

"सोड मला! मारून टाकतो त्याला!"

"मार, आणि उद्या विमानात बस. मुलाला दवाखान्यात कोण नेणार, मूर्खा?"

म्हणून मिशआलचं डोकं शाबूत राहिलं. डॉक्टर सीरियन होता, भला माणूस. त्यानं फार शब्द खर्च केले नाहीत. बुबुळ फाटलंय, म्हणाला, डोळा काढावा लागेल. तहानीनं त्याच्या पांढऱ्या कोटाला धरून त्याला भिंतीवर आपटलं. तिचे हात दुखून खाली येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

पोलीस ठाण्यात जर्राह नावाचा तरुण अधिकारी होता. त्यानं मला चहा दिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दोरीनं डोळा जातो का, उस्ताद? माझ्या बापानं मला लहानपणी रोज इगालनं झोडलंय. हे बघा, दोन्ही डोळे जागच्या जागी."

"तुझं नशीब. माझ्या मुलाचं नव्हतं."

"ती दोन मुलं म्हणतात, मारामारी झाली, पण डोळ्याला बाकाचा कोपरा लागला. तो पडला. मिशआलच्या डोक्यावर त्या दिवशी इगाल नव्हताच म्हणे."

"सगळ्या शाळेनं पाहिला."

"मग सगळ्या शाळेला घेऊन या," तो म्हणाला. आवाजात उर्मटपणा नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग आला. शाळेतलं एकही पोर आलं नाही. मास्तर तर आमचेच, बाहेरून आलेले, सगळ्यांचा इथं राहायचा परवाना नोकरीला टांगलेला, सगळे मूग गिळून गप्प. मुख्याध्यापकांनी मला बोलावून खुर्ची दिली आणि म्हणाले, तुमच्या जिभेनं सुरुवात केली, हे विसरू नका. मी विसरलो नव्हतो. पण जिभेचं उत्तर जिभेनं द्यावं, नापास झालेल्या पोराला शिव्या देता येत नाहीत का? दिल्या असत्या तर मी त्यालाही गुण दिले असते.

युसूफ दवाखान्यातून घरी आला तेव्हा त्यानं मला एकच गोष्ट मागितली.

"बाबा, त्यांनी पडला म्हणून लिहू नये. पडला म्हटलं की मी स्वतःच केलं असं होतं. मला मारलं, एवढं तरी लिहिलं पाहिजे."

"लिहायला लावीन," मी म्हणालो. "माझ्या जिवात जीव आहे तोवर तक्रार मागे घेणार नाही."

त्यानं माझा हात दाबला. सतरा वर्षांचा घोडा, कितीतरी वर्षांत त्यानं माझा हात धरला नव्हता.

आणि मग ते आले. दुपारची नमाज होऊन ऊन जरा कललं होतं. जिन्यात चपलांचा आवाज आला तो थांबेचना. दार उघडलं तर सगळ्यात पुढे बहगत, मान खाली. त्याच्या मागे धैदान, पांढरी दाढी, सोनेरी काठाचा काळा झगा. त्याच्या मागे भाऊ, चुलते, पुतणे, जिना भरून माणसं. दारावर आलेल्याला हाकलत नाहीत, एवढं मीही शिकलो होतो. आमची बैठकीची खोली ती केवढी, पण सगळे भिंतीला पाठ लावून मांडीला मांडी घालून बसले आणि उरलेले जिन्यात उभे राहिले.

तहानीनं दात-ओठ खात चहा केला. शेजारणीकडून पेले मागून आणले. चहा सगळ्यांपुढे ठेवला गेला आणि एकानंही पेल्याला हात लावला नाही. वाफ येत राहिली.

"चहा घ्या," मी म्हणालो.

"आम्ही मागायला आलोय, उस्ताद," धैदान म्हणाला. आवाज घोगरा. "मिळाल्याशिवाय तुझ्या घरचं पाणी आम्हाला चालत नाही."

"काय मागायला?"

"माझा मुलगा नालायक आहे. तुझा मुलगा माझ्या मुलासारखा. जे हवं ते माग, नाही म्हणणार नाही. पण तक्रार सोड. त्याचं वय काय, तुरुंगात कुजेल तो."

"माझ्या मुलाचं वय काय हो? काढलेला डोळा कुठे ठेवलाय ते विचारलंत का?"

एका पुतण्याचा पाय हलला. धैदाननं त्याच्याकडे नुसतं बघितलं, पाय थांबला. मग म्हाताऱ्यानं दोन्ही हात वर नेले, डोक्यावरचा इगाल काढला आणि माझ्या पायाशी, गालिच्यावर टाकला.

इथं माणसानं कोणाच्या पायाशी इगाल टाकणं म्हणजे स्वतःची सगळी इज्जत त्याच्या पायाशी ठेवणं, हे मला ठाऊक होतं. पुढचं मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की ज्या वस्तूनं माझ्या मुलाचा डोळा फोडला तीच वस्तू माझ्या घरात, माझ्या गालिच्यावर, काळी वेटोळी घालून पडली आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वाकलो, ते कडं उचललं आणि म्हाताऱ्याच्या अंगावर ढकलत म्हणालो, "घ्या तुमची वस्तू आणि चालते व्हा माझ्या घरातून!"

शेवटचे शब्द कोणाला ऐकूच गेले नाहीत. माझी बोटं इगालला लागली आणि तो गालिच्यावरून वर आला, तेवढ्यात खोलीत एकच गलका उसळला. "अल्लाह तुझं तोंड उजळ करो!" "शाबास, उस्ताद!" "वाढला रे वाढला, याचा मान वाढला!" जिन्यातून आरोळ्या आल्या. कोणी माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं, कोणी नाकाचं, एक दाढी माझ्या डोळ्यात गेली. आणि धैदाननं, मी त्याच्या छातीवर ढकललेल्या इगालखाली स्वतःची मान वाकवली आणि तो डोक्यानं झेलला. त्यानं मात्र ऐकलं होतं. हातभर अंतर नव्हतं आमच्यात. क्षणभर त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग नजर पेल्याकडे वळवली.

सगळ्यांनी चहा प्यायला. गार झालेला, घटाघट.

माझ्या हातून काहीतरी भलतंच झालं हे मी बहगतच्या तोंडाकडे बघून ओळखलं. आणि मग आतल्या दाराशी युसूफ दिसला. पट्टी बांधलेला, चौकटीला धरून उभा. तो इथंच वाढलेला, त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते गेल्यावर तो म्हणाला, "उचलला तुम्ही."

"अरे, मी परत देत होतो! हाकलत होतो त्यांना!"

"इगाल उचलून दिला म्हणजे माफ केलं, बाबा. नको असेल तर हात लावायचा नसतो. पडू द्यायचा असतो. बालवाडीतल्या पोरालाही कळतं हे." आणि खोलीत जाऊन त्यानं दार लावून घेतलं.

तहानी स्वयंपाकघरात उभी होती. समोर ओट्यावर पेल्यांची रांग. तिनं पहिला पेला उचलला आणि भिंतीवर फोडला.

"प्यायले!" ती म्हणाली. "माझ्या हातचा चहा प्यायले!"

दुसरा फोडला. तिसरा. शेजारणीचे, आमचे, सगळे. काचा माझ्या पायाशी उडत होत्या. मी तिचा हात धरायला गेलो तर तिनं तुटका पेला माझ्याकडे रोखला. "तू पुढे येऊ नकोस, शौकी. एकोणीस वर्षं इथं राहिलास आणि शिकलास काय? पाण्याचं सूत्र?"

मी खाली गेलो आणि बहगतची कॉलर धरून त्याला त्याच्याच गाडीवर दाबला.

"तू त्यांना माझ्या घरी आणलंस! सांगितलं का नाहीस, हात लावू नको म्हणून?"

"मला वाटलं तुला माहीत आहे! मला वाटलं तू एकदाचा शहाणा झालास!" तो धापा टाकत म्हणाला. "आता झालं ते चांगलं झालं. देवानंच तुझा हात खाली नेला. सही कर, माफ केलं म्हण, आणि सुखानं नोकरी कर. तू नाही म्हणालास तर तीस माणसांसमोर त्या म्हाताऱ्याचं तोंड काळं करशील. मग तुला इथं कोण ठेवील? आम्हा बाकीच्यांना कोण ठेवील?"

मी त्याच्या कानशिलात ठेवून दिली. तो भलं बोलत होता, म्हणून जास्त जोरात दिली.

त्यानंतर युसूफ माझ्याशी भांडला नाही. जेवायला बसला की फक्त पट्टीची बाजू माझ्याकडे करून बसायचा. मी त्याच्या डावीकडे बसलो काय आणि उजवीकडे बसलो काय, तो खुर्ची फिरवून घ्यायचा. मला त्याच्या त्या पांढऱ्या पट्टीसमोर बसून भात गिळावा लागायचा.

दोनच दिवसांनी ठाण्यातून बोलावणं आलं. जर्राहच्या खोलीत धैदान, त्याचे दोन भाऊ, आणि त्यांच्यामध्ये मिशआल. घडाघडा बोलणारं पोर, पण मान छातीला लावून बसलं होतं. मी आणि युसूफ आत गेलो तर सगळे उठून उभे राहिले. माझा मान वाढला होता ना.

"उस्ताद, सगळ्या जहरात तुमचंच नाव आहे," जर्राह हसून म्हणाला. "एवढी सही केलीत की झालं. मुलगा पडला, डोळ्याला कोपरा लागला, आणि मारामारीबद्दल तुमची तक्रार नाही."

युसूफ माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. पट्टीची बाजू माझ्याकडे.

"मी माफ केलेलं नाही," मी म्हणालो.

जर्राहचं हसू तोंडावरच राहिलं. "म्हणजे?"

"म्हणजे नाही. सही करणार नाही."

धैदानचा एक भाऊ ताडकन उठला. "इगाल उचललास तू! आम्ही सगळ्यांनी पाहिलं! तुझा चहा प्यायलो आम्ही!"

"मी तो यांच्या अंगावर ढकलला आणि चालते व्हा म्हणालो."

"चालते व्हा?" तो ओरडला. "हा मिसरी आपल्याला खोटं पाडतोय! कोणी ऐकलं? सांग, कोणी ऐकलं?" त्यानं माझ्या शर्टाला हात घातला, बटणं तुटली. जर्राह टेबलामागून उठला, दारातले दोन शिपाई पुढे आले. माझी पाठ भिंतीला लागली होती आणि त्याची मूठ माझ्या गळ्याखाली होती. तरी मी बोट उचललं आणि धैदानकडे दाखवलं.

"यांनी ऐकलं. हातभर अंतरावर होते. विचारा त्यांना. मी काय म्हणालो ते देवाची शपथ घेऊन सांगा म्हणावं. ते नाही म्हणाले तर आत्ता सही करतो."

खोलीत सगळे म्हाताऱ्याकडे वळले. भावानं माझा शर्ट सोडला. "सांग ना, भाऊ. सांग, आणि तोंड बंद कर याचं."

धैदान बसूनच होता. दोन्ही हात गुडघ्यांवर. हो म्हणावं तर मुलगा तुरुंगात. नाही म्हणावं तर देवाची खोटी शपथ. मला त्याची दया आली नाही. मी मनात म्हणालो, आता कळू दे.

"ऐकलं," तो म्हणाला.

"भाऊ!"

"ऐकलं मी. चालते व्हा म्हणाला. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मान पुढे केली." तो उठला. "साठ वर्षांत माझ्या तोंडून खोटं गेलं नव्हतं. न बोलतासुद्धा गेलं नव्हतं."

त्याचा हात डोक्याकडे गेला. मला वाटलं, माझ्यासाठी. मी अंग चोरलं. पण तो मुलाकडे वळला.

पहिल्या फटक्याला मिशआलचा रुमाल उडाला. दुसरा कानावर बसला. "याच्यासाठी! याच्यासाठी मी दुसऱ्याच्या घरात चोरासारखा चहा प्यायलो!" इगाल सपकन खाली यायचा आणि प्रत्येक वेळी पोराच्या अंगावर लाल पट्टा उमटायचा. गाल फुटला. ओठ फुटला. मिशआलनं हात वर केले नाहीत. बाप मारत असताना हात वर करत नाहीत, ही त्यांची रीत. तो खांबासारखा उभा राहिला आणि रडत राहिला. शिपाई जागचे हलले नाहीत, म्हाताऱ्या माणसाच्या हाताला कोण धरणार? जर्राह "काका, काका, बस करा" म्हणत टेबलामागेच उभा होता.

मला बरं वाटत होतं. लपवत नाही. प्रत्येक फटक्याला माझ्या आत काहीतरी "आणखी" म्हणत होतं.

मग एक फटका भुवईवर बसला. कातडी फाटून रक्ताचा पडदा त्याच्या डोळ्यावर उतरला, आणि त्यानं ज्या तऱ्हेनं तोंड ओंजळीत घेतलं ते मी आधी पाहिलं होतं. बोळात, त्या हसऱ्या सूर्याखाली. म्हाताऱ्याला रागानं काही दिसत नव्हतं, त्याचा हात पुन्हा वर गेला होता. मी मध्ये शिरलो. इगाल माझ्या मनगटावर बसला, हाडापर्यंत झणझणलं, आणि मी तो मुठीत धरून हिसकावून घेतला.

पुन्हा इगाल माझ्या हातात. धैदान माझ्यासमोर उभा होता, विस्कटलेल्या रुमालात, धापा टाकत. हळूहळू त्याची मान खाली आली. या वेळी तो फसवत नव्हता. तो वाट बघत होता. मी हात थोडासा वर नेऊन इगाल त्या डोक्यावर ठेवला की सगळं मिटणार होतं, नोकरी राहणार होती, बहगत निर्धास्त झोपणार होता. आणि त्या वाकलेल्या मानेकडे बघून मला रडू येत होतं, हेही खरं.

पण डोळा माझा नव्हता.

मी मागे वळलो आणि इगाल युसूफपुढे धरला. "घे. तू इथला आहेस, तुला कळतं. तू ठरव."

युसूफ उठला. त्यानं इगाल घेतला, दोन्ही हातांत ताणून पाहिला. तो मिशआलपुढे जाऊन उभा राहिला. मिशआलनं रक्तानं माखलेले डोळे मिटून घेतले आणि तोंड पुढे केलं. धैदाननंही अडवलं नाही. खोलीतल्या एकानंही अडवलं नसतं.

युसूफनं त्या फुटलेल्या भुवईकडे बघितलं. मग वळला आणि त्यानं इगाल जर्राहच्या टेबलावर, त्या सहीच्या कागदावर ठेवला. कागदाला रक्त लागलं.

"तुम्ही विचारत होता ना, दोरीनं डोळा जातो का," तो म्हणाला. "आत्ता तुमच्यासमोर थोडक्यात वाचला. माझा नाही वाचला. मी पडलो नव्हतो. लिहून घ्या."

जर्राहनं कागदाकडे बघितलं, मिशआलच्या भुवईकडे बघितलं, आणि मग, या देशात बघतात तसं, म्हाताऱ्याकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" धैदान म्हणाला. "पोरगा सांगतोय ना? लिही."

"काका, मिशआलला आत..."

"लिही म्हटलं ना."

जर्राहनं नवा कागद घेतला. मिशआल भिंतीला टेकून खाली सरकला आणि तोंड झाकूनच म्हणाला, "मीच मारलं. इगालनंच मारलं." त्याला कोणी विचारलं नव्हतं. धैदान इगाल न घेताच बाहेर गेला. उघड्या रुमालानं, लोकांसमोरून, भर उन्हात. त्याचे भाऊ मागे धावले तर त्यानं त्यांना हातानं दूर केलं.

सगळं लिहून होईपर्यंत माझं मनगट सुजून टम्म झालं होतं. पुढच्या वर्षी माझा करार होणार नाही, हे मला जिना उतरतानाच कळत होतं. मुख्याध्यापक पुन्हा खुर्ची देतील, हळू आवाजात बोलतील. दमन्हूरच्या एखाद्या शाळेत पुन्हा पोरांना पाण्याचं सूत्र शिकवीन. तहानी पेले विकत घेईल.

मी गाडीचं डावीकडचं, चालकाच्या बाजूचं दार उघडायला गेलो, तर युसूफ गाडीला वळसा घालून पलीकडे गेला नाही. माझ्या डाव्या बाजूला येऊन उभा राहिला, उजवा डोळा माझ्याकडे करून. तो डोळा लाल झाला होता, पण बघत माझ्याकडेच होता.

"दुखतंय?" त्यानं माझं मनगट हातात घेतलं.

"नाही."

"खोटं. सुजलंय." त्यानं ते हळूच दाबून पाहिलं, मी कळवळलो. "बाबा, एक सांगू?"

"सांग."

"यापुढे कोणाचं काही खाली पडलं तर उचलू नका. आधी मला विचारा."